डाव्या हाताचा खर्ज

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या काही दिवस आधी एका तालुक्याच्या गावातून आयोजकांचा फोन आला. कार्यक्रम जुन्या-नव्या मराठी आणि हिंदी गाण्यांचा होता, गायक-गायिका ठरलेल्या होत्या आणि बोलणे वादकांवर आले होते. ढोलकी आणि तबला हवाच, ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे विजेचे तालवाद्य, हवाच, गिटार असेल तर उत्तमच, कीबोर्डशिवाय तर चालणारच नाही, असे एकेक वाद्य मान्य होत गेले आणि बेस गिटारपाशी येऊन ते गृहस्थ घुटमळले. "सर, तेवढा एक माणूस कमी करता येईल का? बेसचं काय, ते तुम्ही कीबोर्डवर बघून घ्याल. तुमच्या डाव्या हाताचा मळ आहे तो." त्यांच्या बोलण्यात अनादर नव्हता, कौतुकच होते. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब त्यांच्यापुढे होता. एका वादकाचे मानधन, गाडीतली एक जागा, मुक्कामाची एक खाट आणि जेवणाचे एक पान त्यांना वाचवायचे होते. मी होकार दिला, कार्यक्रम झाला, लोकांना आवडलाही. पण ते वाक्य मनातून गेले नाही. ते एका अर्थी खरे होते, कारण अनेक वर्षे मी बँडमध्ये कीबोर्डवर डाव्या हाताने बेस, म्हणजे गाण्याच्या तळाचे खर्जातले स्वर, वाजवत आलो आहे आणि ते काम मला मनापासून आवडते. पण ज्या कामासाठी मी कितीतरी संध्याकाळी दिल्या, त्या कामाचे मोल त्यांच्या वहीत 'एक माणूस वाचला' एवढेच होते, हे आत कुठेतरी खुपले, आणि ते का खुपले याचा विचार मी अजून करतो आहे.

बेस चालू असताना श्रोत्यांपैकी फार थोडे जण त्याची दखल घेतात. रिहर्सलमध्ये मी कधी कधी अंतऱ्याच्या मधोमध डावा हात मुद्दाम उचलतो. गायिका गात असते, गिटारच्या कॉर्ड तशाच चालू असतात, ढोलकीची लय तसूभरही हललेली नसते, तरी गायिका वळून माझ्याकडे बघते. विचारले तर म्हणते, सूर चढल्यासारखा वाटला. सूर चढलेला नसतो, त्याच्या खालचा आधार गेलेला असतो. आणि हा आधार नुसता टेकूचाही नसतो, तो वरच्या सुराचा अर्थ बदलतो. गायक तार षड्जावर थांबलेला असताना खाली षड्ज वाजला तर गाणे स्थिरावते. त्याच जागी मध्यम वाजला तर तोच षड्ज एकदम मोकळा वाटू लागतो. आणि कोमल धैवत वाजला तर त्याच षड्जात व्याकुळता येते. गायकाने गळ्यात काहीही बदललेले नसते. हे सामर्थ्य हातात आल्यावर ते फार जपून वापरावे लागते. रागाच्या अंगाने जाणाऱ्या गाण्यात बेस फार फिरू लागला तर राग झाकोळतो, आणि अशा वेळी तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेसारखे एका जागी बसून राहण्यातच शहाणपण असते. मला स्वतःला भावगीताखाली कमीत कमी स्वरांचा बेस आवडतो. शब्द ऐकू येत असताना खाली कोणी येरझाऱ्या घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझे शिक्षण पेटीवर झाले. पेटीवाल्याचा उजवा हात पट्ट्यांवर असतो आणि डावा भात्यावर. त्यामुळे पेटीकडून कीबोर्डकडे आलेल्या आमच्यासारख्यांचा डावा हात सुरांच्या बाबतीत कोरा असतो. पियानो शिकलेल्या मुलाला लहानपणापासून दोन्ही हातांना वेगवेगळी कामे करायची सवय असते. आम्हाला ती पुढे वयात आल्यावर, हट्टाने लावून घ्यावी लागते. पण हा हात कोरा असला तरी अडाणी नसतो. सुराला किती हवा द्यायची, गायक श्वास घेतो तेव्हा भाता कुठे सैल सोडायचा, समेवर किती दाब द्यायचा, हे सारे भात्यावरच्या हातानेच शिकलेले असते. आमच्या गुरुजींच्या पेटीचा भाता जुना होता आणि तो अर्ध्यावर आला की एक बारीक फुसफुस यायची. ती गाण्यात ऐकू येऊ नये म्हणून भाता नेमका कुठून परत ओढायचा हे माझ्या मनगटाला आपोआप कळू लागले होते. संगीत नाटकांच्या काळात पायपेटीने, म्हणजे ऑर्गनने, ही अडचण दूर केली होती. तिथे भाता पायांनी चालायचा, दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे असायचे आणि नाट्यपदाखाली मंद्र सप्तकाचा भरणा करता यायचा. त्या ऑर्गनचा भरदार आवाज ज्यांनी नाट्यगृहात ऐकला आहे, त्यांना खालच्या सुरांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

डाव्या हाताकडे खर्ज सोपवण्याची रीत आपल्याकडे तालवाद्यांत तर जुनीच आहे. तबल्याच्या जोडीतला डग्गा हा एका अर्थाने आपला बेसच आहे. केरव्याचे साधे बोल घ्यावेत: धा गे ना ति, न क धि न. यात 'धा गे' वर डग्गा उघडा वाजतो, 'ति' वर तो गप्प असतो, 'क' ला बंद पडतो आणि 'धि' वर पुन्हा उघडतो. कीबोर्डवर बेस वाजवताना मी हाच नकाशा समोर ठेवतो. 'धा' वर करंगळीने षड्ज दाबायचा, तो 'ना' पर्यंत धरायचा, 'ति' च्या आधी बोट उचलून जागा रिकामी करायची आणि 'धि' वर अंगठ्याने पंचम द्यायचा. असे केले की बेस आणि डग्गा एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसतात. 'ति न क' च्या रिकाम्या जागेत बेसचा आवाज लोंबत राहिला तर तबलजीने कितीही सफाईने वाजवले तरी ठेका चिखलात रुतल्यासारखा वाटतो. लावणीत तर याहून काळजी घ्यावी लागते, कारण ढोलकीच्या धुमेतून, म्हणजे तिच्या खर्जाच्या बाजूतून, निघणारा घुमारा हाच लावणीचा प्राण असतो. तिथे मी बेसचा आवाज आखूड आणि कोरडा ठेवतो आणि ढोलकीवाला तोडा घ्यायला लागला की हात पूर्ण काढून घेतो. काही ऑर्केस्ट्रांत लावणीच्या खालीही डिस्कोसारखा अखंड बेस चालू ठेवतात, ते मला ऐकवत नाही.

सगळी कसोटी बोट उचलण्यात आहे.

बेस गिटारची तार छेडली की तिचा आवाज जन्मताच विझू लागतो. वादक काहीही न करता तो हळूहळू मंदावतो आणि वादकाला तो आधीच थांबवायचा असेल तर डाव्या हाताचा दाब सैल करून किंवा उजव्या हाताचे बोट तारेवर टेकवून तो थांबवावा लागतो. सिंथवरचा, म्हणजे विजेने आवाज घडवणाऱ्या कीबोर्डवरचा, बेस असा स्वतःहून विझतोच असे नाही. आवाज तसा बांधलेला असेल तर पट्टी दाबून ठेवाल तोवर तो त्याच ताकदीने उभा राहतो आणि बोट उचलल्यावरच संपतो. म्हणजे बेस गिटारवादकाला तारेकडून जी मदत फुकट मिळते, ती कीबोर्डवाल्याला प्रत्येक स्वरागणिक स्वतःच्या बोटाने करावी लागते. स्वर आठवा हिस्सा मात्रा लांबला तर गाणे आळसावते, तेवढाच आखूड झाला तर गाणे धावू लागते, आणि लय मात्र दोन्ही वेळेला तीच असते. मी घरी सराव करताना मेट्रोनोम लावून एकच षड्ज वाजवत बसतो, दाबण्याची वेळ तीच ठेवतो आणि फक्त सोडण्याची वेळ बदलत नेतो. घरच्यांना हा सराव अत्यंत कंटाळवाणा वाटतो आणि ते साहजिक आहे, पण मला त्यात अजूनही नवे काहीतरी सापडते. आणखी एक गोष्ट अशी की डाव्या हाताच्या रचनेत मूळ स्वर येतो करंगळीच्या वाट्याला, म्हणजे बँडमधला सर्वांत भक्कम हवा असलेला स्वर हाताच्या सर्वांत दुबळ्या बोटावर उभा राहतो. त्यामुळे करंगळीला बळ देण्यापेक्षा मनगटाचे आणि कोपराचे वजन तिच्यामागे उभे करायला शिकावे लागते. तीन तासांच्या कार्यक्रमानंतर माझा दुखतो तो डावा कोपर.

मंचावर माझ्यासमोर स्टँडवर दोन कीबोर्ड असतात. वरच्यावर उजव्या हाताची कामे असतात: व्हायोलिनचे भरणे, बासरी, सतार, मुखड्याआधीचे आणि अंतऱ्यांमधले पीस. खालच्या सिंथचे दोन भाग केलेले असतात, डावीकडचा भाग बेसचा आणि उजवीकडचा पियानोचा. सस्टेन पेडल, म्हणजे बोट उचलल्यावरही स्वर लांबवणारे पेडल, फक्त पियानोच्या भागाला लागू करून ठेवायचे असते, कारण ते बेसलाही लागले तर पियानोसाठी पाय दाबताक्षणी खालचे सगळे स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. बेसचा आवाज मी सॉटूथ नावाच्या धारदार लहरीपासून बांधतो, वरची धार कापणारा फिल्टर बराच खाली आणतो आणि बोटाचा जोर वाढला की फिल्टर किंचित उघडेल अशी सोय करतो, म्हणजे ठसक्याने दाबलेल्या स्वराला तारेसारखी धार येते. बेस 'मोनो'वर असतो, एका वेळी एकच स्वर; आधीचे बोट उचलायला जरा उशीर झाला तरी दोन खर्ज एकमेकांवर आदळत नाहीत. कोरस आणि रिव्हर्ब त्याच्या वाऱ्यालाही उभे करायचे नाहीत. सिंथच्या दोन आउटपुटपैकी डावीकडून एकटा बेस आणि उजवीकडून पियानो, अशी वाटणी केली की साऊंडवाल्याला बेसचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, स्वतंत्र मिळतो. ही एवढी गोष्ट जमली नाही तर सगळी मेहनत वाया जाते, कारण बेस वाढवायला गेले की पियानोही वाढतो आणि साऊंडवाला वैतागून दोन्ही खाली आणतो. म्हणून गावात पोचल्यावर चहाच्याही आधी मी साऊंडवाल्याला गाठतो.

त्याच्याशी दोस्ती असणे आणखी एका कारणासाठी गरजेचे असते. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड मोकळी तार पांढरी तीनची, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीची, असते आणि ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. एवढा खालचा स्वर पेलणारे मोठे सब, म्हणजे खर्जाचे स्पीकर, सगळीकडे नसतात. छोट्या स्पीकरवर त्या स्वराचा पाया प्रत्यक्षात उमटतच नाही, फक्त त्याच्या वरचे सहस्वर उमटतात, आणि आपला कान त्या सहस्वरांवरून खालचा स्वर मनातल्या मनात उभा करतो. हे समजल्यापासून मी बेसच्या आवाजात वरच्या सप्तकाचा एक बारीक अंश मिसळून ठेवतो, म्हणजे कानाला धरायला काहीतरी मिळते. पत्र्याच्या छताच्या मंगल कार्यालयात नेमका उलटा त्रास होतो; तिथे एखादाच स्वर भिंतींमध्ये सापडून असा घुमतो की बाकीचे सगळे दबून जातात, आणि तो स्वर गाण्याचा षड्ज निघाला तर रात्रभर त्याला हलक्या बोटाने सांभाळावे लागते. मोकळ्या मैदानावर खर्ज जातो कुठे तेच कळत नाही. मंचावर तर मला माझा स्वतःचा बेस स्पष्ट ऐकू येत नाही, तो पायाखालच्या फळ्यांतून कळतो, त्यामुळे मी चपला काढून वाजवतो.

पट्टीच्या बाबतीत मात्र कीबोर्डला एक सुख आहे. आपले पुरुष गायक पुष्कळदा काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात, आणि चार तारांच्या बेस गिटारला पांढरी तीनच्या खाली उतरता येत नाही. म्हणजे ज्या षड्जावर सगळे गाणे उभे आहे, तो षड्ज बेस गिटारवाल्याला सर्वांत खालच्या जागी मिळतच नाही, त्याला एक सप्तक वर जाऊन वाजवावे लागते. पाच तारांची गिटार पांढरी सातपर्यंत उतरते आणि ही अडचण सोडवते, पण सगळ्यांकडे ती नसते. कीबोर्डवर काळी दोनचा खोल षड्ज बोटाशीच असतो. एखाद्या अभंगात शेवटचा गजर वाढत जातो, टाळ चढतात, आणि तोवर राखून ठेवलेला तो खालचा षड्ज समेवर दिला की मंचावरची सगळी माणसे एकदम जमिनीला टेकल्यासारखी होतात. त्या क्षणी पखवाजवाला माझ्याकडे बघून मान हलवतो. ती दाद मला टाळ्यांपेक्षा जास्त प्रिय आहे.

बेस गिटारवादकाच्या जागी कीबोर्डचा डावा हात बसवण्याची कल्पना आपल्या आयोजकांनी शोधलेली नाही. अमेरिकेत हॅमंड ऑर्गनवाल्यांनी ती फार पूर्वीच अंगी बाणवली होती. जिमी स्मिथसारखा वादक डाव्या हाताने चालता बेस, म्हणजे प्रत्येक मात्रेला पुढे सरकणारा बेस, वाजवायचा आणि पायांखालच्या पेडलांनी त्याला ठोसे द्यायचा. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जमलेल्या 'द डोअर्स' या बँडमध्ये बेस गिटारवादक नव्हताच. रे मॅन्झारेक उजव्या हाताने व्हॉक्स ऑर्गन वाजवायचा आणि त्या ऑर्गनच्या सपाट माथ्यावर ठेवलेल्या ३२ पट्ट्यांच्या फेंडर ऱ्होड्स पियानो बेसवर त्याचा डावा हात चालायचा. स्टुडिओत त्यांच्या पुष्कळ गाण्यांसाठी बेस गिटारवादक बोलावले गेले, पण मंचावर भार त्या एका हातावर असायचा. त्या बँडची मंचावरची ध्वनिमुद्रणे ऐकताना मला त्याच्या डाव्या हाताचा अर्थ लागतो. उजवा हात दूर भटकायला निघाला की डाव्याला एखादी छोटी, पुन्हापुन्हा येणारी आकृती धरून बसावेच लागते, कारण दोन्हीकडे एकाच वेळी नवे सुचणे शक्य नसते. त्या पुनरावृत्तीतूनच त्या संगीताची धुंदी आली. पुढे १९७० मध्ये मिनीमूग हा सिंथेसायझर आला, एका वेळी एकच स्वर देणारा, तीन ऑसिलेटरांचा, म्हणजे स्वर निर्माण करणाऱ्या तीन भागांचा, आणि त्याच्या पोटातून असा बेस निघाला की तो कोणाची बदली म्हणून वाजवावा अशी गरजच उरली नाही. याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण पार्लमेंट या फंक बँडच्या 'फ्लॅश लाईट' या गाण्याचे आहे. बूट्सी कॉलिन्ससारखा बेस गिटारवादक हाताशी होता, तरी त्या गाण्याचा बेस त्यांचे कीबोर्डवादक बर्नी वॉरेल यांनी मिनीमूगवर वाजवला आणि बूट्सी कॉलिन्स ड्रमवर बसले. कोणाला वगळायचे म्हणून ते झालेले नव्हते, गाण्याला तो आवाज हवा होता म्हणून झाले.

मुंबईतही हा आवाज लवकर पोचला. वादक केर्सी लॉर्ड यांनी हिंदी चित्रपटसंगीतात मूग सिंथेसायझर आणला, आणि आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस गिटार आणि हे नवे विजेचे सूर एकाच खोलीत नांदत होते. १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची जी तबकडी काढली, तिच्यात रोलंडची टीबी-३०३ ही छोटी पेटी वापरली होती. ही पेटी मुळात एकट्या गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून बेस गिटारच्या जागी बनवलेली होती. चरणजितजींनी तिच्यातून रागांखाली जे काही उभे केले ते बेस गिटारच्या जवळपासही नव्हते. ती तबकडी तेव्हा फारशी चालली नाही आणि २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर जगभरच्या तरुणांनी ती डोक्यावर घेतली. मी ती ऐकतो तेव्हा मनात दोन भावना एकदम येतात. एक निखळ आनंदाची, की आपल्या मुंबईतल्या एका वादकाने हे केले. दुसरी जड असते. त्याच दशकापासून सिंथेसायझर आणि सिक्वेन्सर, म्हणजे आधी भरलेले स्वर आपोआप वाजवणारी यंत्रे, रेकॉर्डिंगच्या खोल्यांत पसरत गेले आणि व्हायोलिनच्या रांगा, चेलो, ब्रास वाजवणाऱ्या, गोव्याकडून आणि कुठूनकुठून आलेल्या कितीतरी वादकांचे काम कमी होत होत संपले. माझे वाद्य त्या कहाणीत कुठल्या बाजूला उभे होते हे मला ठाऊक आहे. आयोजकांचा तो फोन मला का खुपला, याचा एक धागा इथेही निघतो.

आमच्या बँडचा बेस गिटारवादक माझा जुना मित्र आहे. त्याचा संसार शिकवण्यांवर आणि कार्यक्रमांवर चालतो. बजेट असेल तिथे तो येतो आणि नसेल तिथे त्याचा भाग माझ्या डाव्या हाताकडे येतो, ही व्यवस्था आमच्यात न बोलता रुळली. त्याने कधी तक्रार केली नाही. उलट मी सुरुवातीला त्याच्या गिटारसारखाच आवाज निघावा म्हणून सॅम्पल, म्हणजे खऱ्या गिटारचे मुद्रित स्वर, शोधत बसायचो, तेव्हा त्यानेच मला थांबवले. "अरे, तारेची घसट, मधल्या मेलेल्या नोटा, ते तुझ्याकडून निघणार नाही आणि निघायची गरजही नाही. तुझ्या पट्ट्यांवर जे नीट निघतं ते काढ." मग तो माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसला आणि रिहर्सलभर फक्त माझ्या करंगळीकडे बघत राहिला. जिथे स्वर लांबतो आहे असे त्याला वाटे तिथे तो माझ्या कोपराला बोट लावायचा. बोट उचलण्याबद्दल मी वर जे काही लिहिले आहे, त्यातले बरेचसे त्याने मला असे शिकवले आहे. स्वतःचे काम दुसऱ्याला इतक्या मोकळेपणाने शिकवणारा माणूस एखाद्या कार्यक्रमाच्या हिशेबातून कमी होतो आणि त्या जागेवर मी त्याच्याकडूनच शिकलेले वाजवून येतो, ही गोष्ट माझ्या मनात नीट बसत नाही.

त्या गणपतीच्या कार्यक्रमानंतर वायरी गुंडाळत असताना एक शाळकरी मुलगा मंचाच्या पायरीवर येऊन उभा राहिला होता. तो ड्रमच्या मागे, स्पीकरच्या मागे डोकावत होता. काय हवे आहे असे विचारल्यावर म्हणाला, "काका, बेस वाजवणारे कुठे गेले?" घरी मोठा भाऊ बेस गिटार शिकतो आहे, त्यामुळे त्याला तो आवाज ओळखू येत होता. मी सिंथ पुन्हा चालू करून त्याला डाव्या बाजूचा षड्ज दाबायला दिला. त्याने दाबला आणि धरून ठेवला. मंचाची फळी त्याच्या पायाखाली थरथरू लागली तसे त्याने आधी खाली आणि मग माझ्याकडे पाहिले. बोट उचलले, थरथर थांबली, पुन्हा दाबले. असे तो कितीतरी वेळ करत राहिला. जाताना त्याने विचारले, "पण मग दादाला असल्या कार्यक्रमात कोण घेणार?" त्याच्या प्रश्नात खोच नव्हती, त्याला खरेच उत्तर हवे होते. मी म्हटले, "चांगलं वाजवायला लाग म्हणावं, घेतील." ते मी मनापासून म्हटले होते, पण परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि ती त्या दिवशी मला सतत दिसत होती.

त्यानंतर आयोजकांशी बोलताना मी एक गोष्ट आधीच सांगू लागलो आहे. बेस गिटारवादकासह बँडचे मानधन इतके. तो नको असेल तर बेस कीबोर्डवर होईल, पण मग कीबोर्डचे मानधन दोन वाद्यांचे असेल, कारण मी दोन वाद्ये वाजवणार असतो. फरक फार थोडा उरत असल्यामुळे पुष्कळ जण मग "घेऊनच या त्यांना" म्हणतात. जे म्हणत नाहीत त्यांच्याकडून मिळालेल्या त्या जादा रकमेवर एकट्याचा हक्क सांगावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मित्र म्हणतो की तो हक्क पूर्णपणे माझा आहे, कारण कोपर माझा दुखतो. मला ते तितके सरळ वाटत नाही.

तो बरोबर असतो त्या कार्यक्रमांत सुरुवातीला माझा डावा हात बेचैन व्हायचा. सवयीने तो खाली जाऊ लागायचा, आणि दोन बेस एकत्र वाजले की काय होते ते सांगायला नको. आता आम्ही गाणी वाटून घेतो. बेस गिटारने ज्या गाण्यांचा बेस मुळात घडवला, सत्तरच्या दशकातली ती सगळी हिंदी गाणी, कव्वाल्या, गिटारवर उभी असलेली नवी मराठी गाणी, ही त्याची. त्या वेळी मी डाव्या हाताने चेलोचे लांब स्वर धरतो आणि दोन्ही हातांनी वाजवायला मिळाल्यामुळे व्हायोलिनचे भरणे कधी नव्हे इतके भरदार होतात. ऐंशीच्या दशकातली आणि नंतरची, मुळातच सिंथच्या बेसवर रचलेली गाणी माझी; त्या वेळी तो बेस गिटार स्टँडवर ठेवतो आणि घुंगरू किंवा शेकर घेऊन ऑक्टोपॅडवाल्याच्या शेजारी उभा राहतो. अभंग कोणाकडे द्यावेत यावर मात्र आमचे एकमत होत नाही. त्याने आता पाच तारांची गिटार घेतली आहे आणि काळी दोनचा तो खालचा षड्ज त्यालाही मिळू लागला आहे, त्यामुळे माझा जुना मुद्दा लंगडा पडला आहे. येत्या नवरात्रातल्या कार्यक्रमात पहिला अभंग तो वाजवणार आहे आणि शेवटचा मी, आणि शेवटच्याची पट्टी गायकाने अजून कळवलेली नाही.